दिल्ली ते टोकियो: जाताना साडेसात तास, येताना साडेनऊ, असं का?

साताऱ्याहून जपानला निघालेल्या कुणाचंही तिकीट हातात घेऊन बघा. पुणे–दिल्ली हा पहिला टप्पा ओळखीचा असतो, त्यात कुणी अडखळत नाही. गोंधळ होतो तो पुढच्या टप्प्यात. समजा, दिल्लीहून विमान रात्री ८ वाजता सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता टोकियोला उतरतं. परतीचं विमान टोकियोहून सकाळी ११.३० ला निघतं आणि त्याच दिवशी संध्याकाळी ५.३० ला दिल्लीत येतं. बोटांवर हिशेब केला तर जायला ११ तास आणि यायला फक्त ६. म्हणजे येताना विमान फार जोरात येत असणार, असंच कुणालाही वाटेल.

प्रत्यक्षात बरोब्बर उलटं घडतं. वरच्या वेळा नमुन्यादाखल घेतल्या आहेत, पण खऱ्या वेळापत्रकाच्या त्या जवळच आहेत. त्यांनुसार विमान जाताना साधारण साडेसात तास प्रवासात असतं आणि येताना साडेनऊ. तिकिटावरचं घड्याळ एक सांगतं आणि शरीर दुसरंच अनुभवतं. हा दोन तासांचा फरक कुठून येतो, "अंतर ५,८६० किलोमीटर" असं वेबसाइट सांगते ते कुणी मोजलं, आणि विमान त्या रेषेवरून खरंच जातं का, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. यात अवघड गणित काही नाही. शाळेतला भूगोल आणि थोडा भागाकार एवढ्यावर काम भागतं.

आधी घड्याळाचं बघू, कारण ते लगेच सुटतं.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. जपानची वेळ १३५ अंश पूर्व रेखांशावरची, ती रेषा आकाशी नावाच्या गावावरून जाते. दोन्हींत फरक ५२.५ अंशांचा. त्याला १५ ने भागा, साडेतीन येतात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे तो यामुळे. आपण साताऱ्यात रात्री साडेआठला जेवायला बसतो तेव्हा तिकडे बारा वाजलेले असतात. भारत आणि जपान दोघेही उन्हाळ्यात घड्याळं पुढं-मागं करत नाहीत, त्यामुळे हा साडेतीन तासांचा फरक बारा महिने तोच राहतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामाला येणार आहे.

आता तिकिटावरच्या वेळा: पूर्वेला जाताना साडेतीन तास वजा करायचे. ११ वजा साडेतीन, साडेसात. पश्चिमेला परतताना साडेतीन मिळवायचे. ६ अधिक साडेतीन, साडेनऊ. चुकून दोन्हीकडे वजाबाकीच किंवा दोन्हीकडे बेरीजच झाली नाही ना, यासाठी एक पडताळा आहे. जाण्यायेण्याचे घड्याळी तास एकत्र करा: ११ आणि ६, म्हणजे १७. खऱ्या तासांची बेरीज करा: साडेसात आणि साडेनऊ, पुन्हा १७. जाताना जेवढे तास वाढलेले दिसतात तेवढेच येताना कमी दिसतात, म्हणून बेरीज कधी चुकत नाही. दोन्ही बेरजा जुळल्या नाहीत तर तुम्ही दोन्हीकडे वजाबाकी किंवा दोन्हीकडे बेरीज केली आहे, एवढं समजा.

घड्याळ बाजूला काढलं तरी दोन तासांचा फरक शिल्लक राहतोच. त्याच्याकडे जाण्याआधी अंतराकडे वळू.

शाळेच्या भूगोलाच्या कपाटात असतो तसा पृथ्वीगोल घ्या आणि शिवणकामाचा दोरा घ्या. गोलाचा व्यास साधारण ३० सेंटिमीटर असेल तर त्याचा घेर ९४ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा १ सेंटिमीटर हा सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास झाला. दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर अंगठ्यानं दाबा, दुसरं टोकियोवर धरा आणि दोरा ताणा. तो घसरून घसरून एका जागी स्थिर होतो. ती जागा म्हणजे दोन शहरांमधला सगळ्यात जवळचा मार्ग. तेवढा दोरा मोजा, जेमतेम १४ सेंटिमीटर भरेल. सव्वाचारशेनं गुणलं की सहा हजारांच्या जवळपासचा आकडा येतो. घरात बसून, हाताच्या मापानं, वेबसाइटच्या उत्तराच्या इतकं जवळ जाता येतं. मुलांसोबत हा प्रयोग जरूर करावा.

पण आकड्यापेक्षा दोरा कुठून जातो हे बघणं जास्त मोलाचं आहे. दिल्ली २८.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि टोकियो ३५.६ अंशांवर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून रेघ मारली तर ती दिल्लीपासून टोकियोपर्यंत हळूहळू वर चढत जाते. गोलावरचा दोरा तसा जात नाही. तो दिल्लीहून निघाल्यावर झपाट्यानं वर चढतो, उत्तराखंडात पिथौरागडवरून जातो, मानसरोवराच्या थोडं दक्षिणेकडून तिबेटात शिरतो, तिथून चीनच्या छिंगहाय आणि शेन्सी प्रांतांवरून पुढं सरकतो. पिवळ्या समुद्रापर्यंत येईतो तो ३७ अंशांवर पोचलेला असतो, म्हणजे टोकियोच्याही उत्तरेला. मग कोरियावरून, सोलच्या दक्षिणेकडून, पुन्हा खाली उतरत टोकियोला येतो. दोन्ही शहरांच्या वर जाऊन परत खाली येणारा मार्ग सगळ्यात जवळचा कसा, हे नकाशा बघून कधीच पटत नाही. गोल समोर असला की लगेच पटतं. गोलाच्या मध्यातून जाणारी सपाट चीर दिल्ली आणि टोकियोला स्पर्श करत काढली, तर पृष्ठभागावर जी रेषा उमटेल तीच ही रेषा. भूगोलात तिला बृहद्वृत्त म्हणतात.

भिंतीवरच्या नकाशाचाही यात दोष नाही. आपल्या वर्गांत वर्षानुवर्षं टांगलेले जगाचे कितीतरी नकाशे मर्केटरच्या पद्धतीचे असतात. ही पद्धत १५६९ सालची, आणि ती दर्यावर्दींसाठी होती. होकायंत्राचा काटा एकाच दिशेला धरून जहाज चालवलं तर नकाशावर सरळ रेघ यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. त्या सोयीसाठी उत्तरेकडचा भाग ताणून मोठा दाखवावा लागला. त्या नकाशावर अंतर मोजायला गेलं की फसगत होणारच.

वेगवेगळ्या वेबसाइटवर वेगवेगळं अंतर दिसतं त्याचंही कारण इथं सांगून टाकतो. टोकियोला दोन मोठे विमानतळ आहेत, हानेदा आणि नारिता. हानेदा धरलं तर दिल्लीपासूनचं अंतर ५,८६० किलोमीटरच्या आसपास येतं, नारिता धरलं तर आणखी पन्नासएक किलोमीटर वाढतात. कुणी पृथ्वी पूर्ण गोल मानून हिशेब करतं, कुणी ध्रुवांपाशी थोडी चपटी मानून. त्यानंही थोडा फरक पडतो. शिवाय कुठे आकडा मैलांत असतो, सुमारे ३,६४०, तर कुठे सागरी मैलांत, सुमारे ३,१६०. सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो आणि विमानवाले तोच वापरतात. सगळे आकडे बरोबरच असतात, एकक तेवढं बघावं लागतं.

आता खरा प्रश्न: विमान दोऱ्याच्या मार्गानं जातं का?

नाही जात. दोरा सरळ तिबेटच्या पठारावरून जातो आणि प्रवासी विमानं ते पठार शक्यतो टाळतात. डोंगर उंच आहेत म्हणून नव्हे. विमान ११–१२ किलोमीटर उंचीवरून उडतं, एव्हरेस्ट ८,८४९ मीटर आहे, त्यामुळे धडकायचा प्रश्नच येत नाही. अडचण वेगळी आहे. एवढ्या उंचीवर बाहेरची हवा श्वासाला पुरत नाही, म्हणून आतली हवा दाब वाढवून ठेवलेली असते. काही बिघाड होऊन हा दाब गेला तर डोक्यावरून ऑक्सिजनचे मुखवटे खाली येतात. सुरक्षेच्या सूचना देताना दाखवतात तेच. पण त्यातला ऑक्सिजन बहुतेक विमानांत पंधरा-वीस मिनिटांच्या आसपासच पुरतो. तेवढ्या वेळात वैमानिकाला विमान १०,००० फुटांवर, म्हणजे सुमारे ३ किलोमीटर उंचीवर आणावं लागतं, जिथं माणसाला मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार किलोमीटर आहे. खाली उतरायला जागाच नाही. एक इंजिन बंद पडलं तरी विमान पहिली उंची टिकवू शकत नाही आणि हळूहळू खाली येतं, तेव्हाही हीच अडचण. आणि जवळपास उतरण्याजोगे विमानतळ अगदी मोजके.

म्हणून दिल्लीहून निघालेलं विमान हिमालयाला उजवीकडून वळसा घालतं. ते आधी पूर्वेकडे गंगेच्या मैदानावरून जातं, मग बांगलादेश किंवा ईशान्य भारताच्या बाजूनं म्यानमार, तिथून चीनच्या युनान प्रांतात, आणि मग चीन ओलांडून समुद्रावरून जपानकडे. चीनवरूनही मन मानेल तसं उडता येत नाही. तिथं हवाई मार्ग ठरलेले आहेत, बाकीच्या आकाशाचा मोठा हिस्सा लष्कराच्या ताब्यात आहे. या सगळ्या वळशानं अंतर काही शे किलोमीटरनं वाढतं. हिशेबासाठी आपण ६,३०० किलोमीटर धरू.

आकाशातल्या वाटा अशा बंद होणं आपल्याला बातम्यांतून माहीत आहे. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्ताननं आपलं आकाश महिनोन्‌महिने बंद ठेवलं होतं आणि एप्रिल २०२५ पासून भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा बंदी झाली. दिल्लीहून दुबईला जाणाऱ्या भारतीय विमानांना तेव्हा गुजरातकडे खाली येऊन अरबी समुद्रावरून जावं लागलं. दोन्ही शहरांमधलं अंतर तेच राहिलं, प्रवास मात्र लांबला. २०२२ पासून जपानी विमानंही युरोपला जाताना रशियावरून जात नाहीत, त्यांच्या प्रवासात काही तासांची भर पडली आहे. दिल्ली–टोकियो मार्ग पूर्वेकडचा असल्यानं त्याला पाकिस्तानच्या बंदीचा त्रास होत नाही.

प्रवासी जेट विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. ६,३०० भागिले ९००, सात तास. जाताना सात आणि येताना सात यायला हवेत. मग एक बाजू कमी आणि दुसरी जास्त का?

याचं एक उत्तर मी लहानथोरांच्या तोंडून नेहमी ऐकतो: "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून..." आणि इथून पुढे प्रत्येक जण वेगळ्या वाटेला जातो. कुणी म्हणतं, टोकियो पुढं पळतं म्हणून जायला जास्त वेळ लागायला हवा. कुणी म्हणतं, फिरण्याचा जोर मिळतो म्हणून कमी. दोन्ही तर्क सोडून द्यावेत. साताऱ्याच्या अक्षांशावर जमीन फिरण्याचा वेग ताशी सुमारे १,५९० किलोमीटर आहे. जमिनीबरोबर हवाही त्याच वेगानं फिरते, आणि धावपट्टीवर उभं असलेलं विमानही. उडाल्यावर विमानाचा तो वेग कुठे जात नाही. हवा जमिनीबरोबर फिरत नसती तर राजवाड्यासमोरच्या चौकात आपल्याला कायम ताशी दीड हजार किलोमीटरचं वादळ सोसावं लागलं असतं, आणि ताशी ९०० नं उडणारं विमान टोकियोला कधी पोचलंच नसतं.

खरं कारण वारा आहे. आपल्या अंगाला लागतो तो वारा वेगळा. हा ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे नदीसारखा वाहणारा वारा आहे. त्याला जेट प्रवाह म्हणतात. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती बघितलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. वल्हवणाऱ्यांचा जोर तोच असतो, पण काठावरून बघणाऱ्याला प्रवाहाबरोबर जाणारी होडी झरकन जाताना दिसते आणि उलट येणारी रेंगाळताना. विमानाचं ताशी ९०० हे वल्हवणं आहे. जमिनीच्या हिशेबानं त्याचा वेग किती, हे पाणी, म्हणजे वारा, ठरवतो.

विमानातल्या सीटसमोरच्या पडद्यावर हे डोळ्यांनी बघता येतं. नकाशाच्या पानावर 'ग्राउंड स्पीड' लिहिलेलं असतं. हिवाळ्यात टोकियोकडे जाताना चीनच्या पूर्व भागात हा आकडा १,०५०, कधी त्याहून वर जातो. परतताना त्याच भागात तो ७५० च्या खाली आलेला दिसतो. आकडा हजाराच्या वर गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. विमानाच्या पंखांना कळतो तो हवेतला वेग, आणि तो ९०० च्याच आसपास असतो.

सरासरी ताशी १५० किलोमीटर वारा धरून भागाकार करू. जाताना १,०५० च्या वेगानं ६,३०० किलोमीटर, म्हणजे ६ तास. येताना ७५० च्या वेगानं तेच अंतर, ८ तास २४ मिनिटं. बेरीज १४ तास २४ मिनिटं. वारा नसता तर ७ आणि ७, म्हणजे १४. मला या हिशेबातली ही शेवटची २४ मिनिटं फार आवडतात. जाताना वाऱ्यानं दिलं आणि येताना घेतलं, फिट्टंफाट झाली, असं वाटतं. पण तशी ती होत नाही. मदतीचा वारा विमानाला सहाच तास मिळतो आणि विरोधाचा वारा आठ तासांवर सोसावा लागतो. त्यामुळे जाऊन-येऊन वारा नेहमी थोडा वेळ खातोच.

हा वारा तयार कसा होतो? विषुववृत्ताकडची हवा तापलेली आणि फुगलेली, ध्रुवाकडची थंड आणि दबलेली. म्हणून दहा किलोमीटर उंचीवर दक्षिणेकडे दाब जास्त राहतो, उत्तरेकडे कमी, आणि हवा उत्तरेकडे सरकू लागते. पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात सरकणारी प्रत्येक गोष्ट उजवीकडे वळते. उत्तरेकडे निघालेल्याची उजवी बाजू म्हणजे पूर्व. वळता वळता हवा सरळ पूर्वेकडे वाहू लागते. पृथ्वीच्या फिरण्याचा या प्रवासाशी संबंध आहे तो इथं, वारा घडवण्यात. उत्तर-दक्षिण तापमानात जितका फरक जास्त, तितका वारा जोरात. हिवाळ्यात सैबेरियाची गोठलेली हवा आणि पॅसिफिकचं उबदार पाणी जपानपाशी एकमेकांना भिडतात. त्यामुळे जानेवारीत जपानवरचा जेट प्रवाह जगातल्या सगळ्यात जोरदार प्रवाहांपैकी एक असतो. काही दिवशी तो ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो.

याचा शोधही जपानातच लागला, आणि ती गोष्ट थांबून ऐकण्यासारखी आहे. वासाबुरो ओइशी हे तातेनो इथल्या वेधशाळेचे प्रमुख. ते १९२० च्या दशकात आकाशात फुगे सोडत आणि दुर्बिणीसारख्या यंत्रातून त्यांचा माग काढत. हिवाळ्यात फुगे ९ किलोमीटरच्या आसपास पोचले की पूर्वेकडे अक्षरशः उधळत. वेग निघाला ताशी २५० किलोमीटरच्या आसपास. जगाला हे कळावं म्हणून ओइशींनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्पेरांतो या नव्यानं घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला. बाहेर त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. पुढे नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं टोकियोवर आली तेव्हा ९ किलोमीटर उंचीवरच्या याच वाऱ्यानं त्यांना फेकलं आणि बॉम्ब ठरल्या जागी पडेनात. जपाननं तर त्याच वाऱ्यावर सोडून कागदी फुग्यांना बांधलेले बॉम्ब पॅसिफिक ओलांडून अमेरिकेकडे धाडले, नऊ हजारांहून जास्त. ओरेगॉन राज्यात एका फुग्यानं मे १९४५ मध्ये सहा जणांचा जीव घेतला, त्यांत पाच मुलं होती. ज्या वाऱ्यामुळे आज आपली मुलं तासभर लवकर पोचतात, त्याचा हा इतिहासही माहीत असावा.

हा वारा वर्षभर एका जागी थांबत नाही, आणि इथं आपला मान्सून गोष्टीत येतो. हिवाळ्यात जेट प्रवाहाचा एक पट्टा हिमालयाच्या दक्षिणेला, उत्तर भारतावरून वाहतो. दिल्लीहून पूर्वेकडे निघालेलं विमान सुरुवातीपासून त्याचा फायदा घेतं. जूनमध्ये मान्सून येता येता हा पट्टा हिमालय ओलांडून तिबेटच्या उत्तरेला सरकतो. मग विमानाच्या वाटेवर वारा बराच मंदावतो. जाताना थोडा जास्त वेळ लागतो, येताना थोडा कमी. विमान कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रकं वेगळी असतात, ती मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. दोन वेळापत्रकांत उड्डाणाचे तास वेगळे दिसले तर ते घड्याळामुळे नव्हेत, वाऱ्यामुळे. घड्याळाचा फरक बारा महिने साडेतीनच आहे, हे वर सांगितलंच आहे.

आपल्या डोक्यावर पावसाळ्यात काय चाललेलं असतं ते आणखी नवलाचं. जुलैत ठोसेघरच्या पुढं चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहिलं की पश्चिमेचा वारा छत्री उलटी करतो. पवनचक्क्यांची तोंडं समुद्राकडे वळलेली असतात आणि पाती धुक्यातून गरगरत असतात. त्याच वेळी, त्याच जागी, १४–१५ किलोमीटर वर वारा नेमका उलट्या दिशेनं, पूर्वेकडून पश्चिमेकडे, धावत असतो. खाली ढग कोकणातून देशावर येतात आणि त्यांच्या डोक्यावरची हवा अरबी समुद्राकडे निघालेली असते. उंचावरचा हा पूर्वेचा जेट प्रवाह आपल्याच देशातल्या हवामानशास्त्रज्ञानं, पी. कोटेश्वरम यांनी, १९५८ मध्ये जगासमोर मांडला. तो दक्षिण भारतावर सगळ्यात जोरदार असतो, पण त्याची कड मुंबईपर्यंत येते.

म्हणून मुंबई–दुबईचं गणित ऋतूप्रमाणे पालटतं. अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा समोरून येतो, त्यामुळे दुबईला जायला वेळ जास्त आणि यायला कमी. वेळापत्रकात हे साधारण सव्वातीन तास आणि तीन तासांच्या आत असं दिसतं. जुलै–ऑगस्टमध्ये हा फरक खूप कमी होतो, कधी उलटाही होतो. तिकिटावर मात्र दुबईची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असल्यानं जाताना पावणेदोन तास आणि येताना साडेचार तासांच्या आसपास दिसतात. घड्याळ इथंही उलटंच चित्र दाखवतं.

तिकिटावरचा काळ फक्त उडण्याचा नसतो, हे सांगायचं राहिलं. विमान दारापासून मागं ढकललं जातं तिथून ते दुसऱ्या विमानतळावर दारापाशी लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीकडे रांगेनं जाणं, चढताना आणि उतरताना कमी वेगानं उडणं, टोकियोवर उतरण्याआधी एखादा फेरा, आणि थोडा राखीव वेळ, हे त्यात आलं. अंतर टाकून "उड्डाणाला लागणारा वेळ" काढून देणाऱ्या वेबसाइट बहुतेक वेळा फक्त सरळ अंतराला ९०० च्या आसपासच्या वेगानं भागतात आणि वर अर्धा तास चढवतात. दिल्ली–टोकियोसाठी ते उत्तर ७ तास येतं, जाताना एक आणि येताना एक. ना तिबेटचा वळसा, ना वारा. अंदाजाला ते ठीक आहे, त्यावर पुढचं विमान ठरवू नये.

माझी पुतणी टोकियोजवळ नोकरी करते. ती जानेवारीत परत येत होती तेव्हा वहिनी मोबाइलवर विमानाचा ठिपका बघत बसल्या होत्या. "भाऊजी, जाताना एवढ्या वेळात पोचली होती. आता अजून चीनवरच दिसतंय. काही झालं नसेल ना?" त्यांना ग्राउंड स्पीडचा आकडा दाखवला, ७४० होता, आणि वारा समोरून आहे एवढं सांगितलं. आई म्हणून वाटणारी काळजी आकड्यानं जात नाही, पण त्या उठून स्वयंपाकाला लागल्या. ज्यांच्या घरचं कुणी वर उडत असेल त्यांनी ठिपक्याची तुलना जाण्याच्या प्रवासाशी करू नये, त्या दिवशीच्या पोचण्याच्या वेळेशी करावी. ती वेळ त्या दिवसाचा वारा धरूनच काढलेली असते.

साताऱ्याच्या दारापासून टोकियोतल्या खोलीच्या दारापर्यंतचा हिशेब मांडला तर आकाशातले साडेसात तास त्यात निम्मेही भरत नाहीत. सातारा ते पुणे रस्त्यानं ११० किलोमीटर, खंबाटकी आणि पुण्यातली गर्दी धरून लोहगावपर्यंत तीन तास. दोन तास आधी हजर. दिल्लीपर्यंत सव्वादोन तास. दिल्लीत चारेक तासांचा थांबा. मग टोकियो, तिथं पासपोर्टची रांग, सामान आणि पुढची ट्रेन, दोन तास. एकूण वीस-एकवीस तास. सांगलीहून निघालात तर पुण्यापर्यंतचेच आणखी दोन-अडीच तास मिळवा.

परतीच्या तिकिटात मात्र एक काळजी नक्की घ्यावी. डिसेंबर–जानेवारीत समोरचा वारा सगळ्यात जोरात असतो, विमान अर्धा-पाऊण तास उशिरा येणं त्या दिवसांत सहज घडतं. त्याच दिवसांत दिल्लीत धुकं असतं, रात्री आणि पहाटे विमानं खोळंबतात. दिल्लीत पासपोर्ट, सामान, आणि देशांतर्गत विमानासाठी पुन्हा तपासणी हे सगळं करायचं असतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढच्या विमानात बसवून देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर ती आपल्यावर. म्हणून हिवाळ्यात टोकियोहून येताना दिल्ली–पुणे टप्पा त्याच तिकिटावर घ्यावा आणि मधे किमान चार तास ठेवावेत. ते जमत नसेल तर दिल्लीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान धरावं.